हल्डाच्या घळीतलं पाणी

गाडीची मागची फळी पाडून सामान मांडलं तेव्हा ते असं होतं: दोर दोन, एक दोनशे फुटी, एक साठ फुटी. रबरी सूट तीन; त्यांतल्या एकाला दोन्ही कुशींत वेगळ्या रंगाच्या पट्ट्या जोडलेल्या. पुढे दिवे बसवलेली हेल्मेट तीन, कंबरपट्टे तीन. दोर ज्यांतून सरकतो त्या धातूच्या कड्या चार, म्हणजे एक जास्तीची. वाळू भरायची जाड कापडी पिशवी एक, रिकामी. पाणी न शिरणारा डबा एक. त्यात क्षार मोजायचं मीटर, थर्मामीटर आणि सहा छोट्या बाटल्या. गरम कोकोचा थर्मास एक. हॅम सँडविच सहा. आणि सुकवलेल्या पीचच्या फोडींची एक पिशवी, जिच्यातल्या फोडी ओनीडा आत्यानं मला मोजू दिल्या नाहीत.

"फोडी कसल्या मोजतेस? त्या काय पळून जाणार आहेत?"

"आत्या, आत काय नेलं आणि बाहेर काय आणलं, त्याचा हिशेब लागतो. घळीत मागे काही राहायला नको."

"मागे राहणार नाहीत. थेन बरोबर आहे ना?"

थेन हा आत्याचा धाकटा मुलगा, माझा आत्येभाऊ. लोकांना दोरानं घळींत उतरवणं हा त्याचा धंदा. एव्हाना त्यानं एक मूठ तोंडात टाकली होती, त्यामुळे त्याला उत्तर देता आलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय बासष्ट. हल्डाची घळ खाली जिथे कड्यातून बाहेर पडते, तिथे तिची पीचची बाग आहे. कड्याला वरपासून खालपर्यंत एक चीर, आणि त्या चिरेतून बारा महिने येणारा ओढा. आजूबाजूला मैलोन्मैल लाल दगड आणि करडी झुडपं. हिरवं म्हणाल तर तेवढीच बाग. वरच्या पठारावर शेतं आहेत आणि त्यांच्यामधून एक जुना मातीचा कालवा जातो. तो गळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. येत्या ऑक्टोबरात त्या कालव्याच्या जागी बंद पाइप येणार. गावात जो तो म्हणतो, हल्डाचा ओढा म्हणजे त्या कालव्याची गळती. पाइप आला की ओढा संपला. रोपवाटिकेनं आत्यासाठी तीनशे रोपं राखून ठेवली होती. तिला सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. ओढा राहणार असेल तर नवी रोपं. नसेल तर जुनी झाडंही उपटायची, कारण पाण्याशिवाय ती दोन उन्हाळे काढणार नाहीत.

मी यंदाच पाण्याच्या शास्त्रात पदवी घेतली आहे. म्हणून मी म्हटलं, वाद कशाला, मोजू या.

"तू खाली घरी थांबलीस तरी चालेल," मी आत्याला आदल्या संध्याकाळी म्हटलं होतं. "आकडा मी आणून देते."

"माझं पाणी आहे ते. जन्मापासून पितेय. एकदा त्याच्या घरी जायला नको?"

"आई, घरी जायला दार लागतं," थेन म्हणाला. "इथे छप्पर फोडून आत उतरायचंय."

"पाच बाळंतपणं काढलीत मी. त्यांतलं एक तुझं. तुझं डोकं तेव्हाही एवढंच होतं. छपराची भीती मला घालू नकोस."

आणि तिनं सूटच्या कुशी उसवून पट्ट्या जोडायला घेतल्या होत्या.

आता सकाळी गाडीशी तिनं आम्हाला उभं केलं, हात छातीशी बांधायला लावले आणि प्रार्थना सांगितली. आभाळ निरभ्र ठेव, दोर शाबूत ठेव, खरा आकडा दाखव. "आणि थेनची बडबड थोडी कमी कर. आमेन."

"आमेन," मी म्हटलं.

"चौथी गोष्ट देवाच्याही हातात नाही," थेन म्हणाला.

घळ सुरू होते तिथे ती घळ वाटतच नाही. सपाट लाल खडकात एक पन्हळ, तिच्यातून घोट्याएवढं पाणी. सप्टेंबरचं ऊन, पाणी कोमट. मी बाटली भरली आणि मीटर बुडवलं. नऊशे बारा.

"हे काय?" आत्या.

"पाण्यात विरघळलेलं मीठ. कालव्याचं पाणी शेतांशेतांतून फिरून येतं, तिथला खार घेऊन येतं. म्हणून नऊशेच्या वर. हे सरळसरळ कालव्याचं आहे."

तिनं पाण्याकडे पाहिलं. तिच्या बागेत येतो तेवढाच ओढा होता, त्याच रंगाचा, त्याच वेगानं जाणारा. "मग झालंच की. इथूनच परत फिरायचं?"

"नाही. थेन म्हणतो पुढे हे पाणी वाळूत बुडतं. सगळं. आणि शेवटच्या उतरणीखाली पुन्हा पाणी आहे. तेच वर येतं की दुसरं, हे कुणी पाहिलेलं नाही."

"इथे येणारे दोरासाठी येतात," थेन म्हणाला. "पाणी कुठलं, असं मला पंधरा वर्षांत कुणी विचारलेलं नाही. थंड किती आहे ते विचारतात. आणि शी कुठे करायची."

"पण जमिनीखालून जाताना पाणी बदलत नाही का?" आत्यानं मला विचारलं.

"थंड होईल. गढूळ असेल तर गाळलं जाईल. मीठ मात्र वाळूत गाळलं जात नाही. खडकातलं पाणी असेल तर आकडा दोनशेच्या आत येईल. कालव्याचं असेल तर नऊशे. आणि मधला काही आला तर दोन्ही मिसळलेलं. कुठलं किती, तेही मग मोजून सांगता येईल."

"तर मग एवढी यातायात कशाला? माझ्या बागेतच बुडवायचं ना ते मीटर."

"तिथे बुडवून झालंय. पण घळीच्या तोंडाशी राखाडी मातीचा थर आहे, तो स्वतःचं मीठ सोडतो. तिथला आकडा म्हणजे लाच खाल्लेला साक्षीदार."

आत्याला हे पटलं. तिनं हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी घट्ट केली. "चला मग. खरा साक्षीदार गाठू."

शंभर पावलांत पन्हळीचे काठ कमरेला लागले, मग डोक्यावर गेले, मग वर पाहायला मान मागे टाकावी लागली. ऊन वरच राहिलं. खाली येत होता तो उजेड भिंतींवरून आपटत आपटत येत होता, आणि प्रत्येक आपटण्यात थोडा लाल होत होता. वरच्या वळणाला पिवळा, त्याखाली नारिंगी, आमच्या अंगाखांद्यावर पोचेपर्यंत विझत आलेल्या निखाऱ्याचा. पाण्यानं दगड असा घासला होता की एकही कोपरा शिल्लक नव्हता. भिंती एकमेकींच्या आकारात वळत होत्या. डावीकडे फुगवटा तर उजवीकडे तेवढाच खोलगा. मध्ये अंतर हातभर. पाण्याचा आवाज पुढून येतो की मागून, ते कळत नव्हतं. तो सगळीकडून येत होता.

मी भिंतीला हात लावला. दगडात तिरप्या रेघा होत्या, बोटभर अंतरानं, शेकडो. मी या रेघांवर परीक्षेत उत्तरं लिहिली आहेत. हा दगड म्हणजे जुन्या वाळवंटाच्या टेकड्या. वारा वाळू उडवत गेला, उतारावर थर बसत गेले, सगळं गाडलं गेलं आणि दगड झालं. पुस्तकात हे चार ओळींत होतं. इथे ते माझ्या डोक्यावर दोनशे फूट होतं. प्रत्येक रेघ म्हणजे एकदा केव्हातरी सुटलेला वारा. एका वाळवंटाच्या पोटात दुसरं वाळवंट, आणि त्याला कापत जाणारं घोटाभर पाणी.

"केझिया, चाल पुढे," मागून आत्या म्हणाली. "मी इथे दगडासारखी बसलेय. म्हणजे अडकलेय."

ती खरंच अडकली होती. छाती एका फुगवट्यावर, पाठ दुसऱ्यावर.

"श्वास सोड, आई."

"सोडलाय."

"आणखी सोड."

"आणखी सोडला तर मयताचे बटाटे घेऊन बायका येतील." आमच्याकडे कुणाच्या घरी मयत झालं की शेजारणी चीज घातलेले बटाटे घेऊन येतात. आत्यानं आयुष्यात ते इतक्यांच्या घरी पोचवलेत की तिच्या वेळी गावात बटाटे पुरणार नाहीत. "आणि त्यात मीठ कमी असेल. त्या सगळ्या कमीच घालतात."

थेननं खालून तिचा पाय पकडून गुडघ्यावर घेतला, मी वरून हात ओढला. हसू आवरेना म्हणून दोघांचाही जोर जाईना. शेवटी ती स्वतःच हसायला लागली, हसताना आतली हवा संपली आणि ती सुटली.

त्याच्या पुढे आत्या मान वर करून थांबली. आमच्या डोक्यावर चाळीसेक फुटांवर दोन्ही भिंतींमध्ये एक अख्खं झाड आडवं अडकलं होतं. सालं निघालेलं, पांढरं, मुळांसकट.

"ते तिथे कुणी ठेवलं?" तिनं हळूच विचारलं.

"पुरानं," थेन म्हणाला.

"एवढं उंच?"

"एवढं उंच."

आम्ही तिघांनीही घळीच्या फटीतून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहिलं. चिंधीएवढं होतं, पण निळं होतं. झाडाखालून जाताना आत्या वाकली. वाकायची काहीच गरज नव्हती. मीही वाकले.

पहिल्या उतरणीला थेननं एका अडकलेल्या धोंड्याला दोर घातला. धोंड्याला घातलेला दोर खालून ओढून घेता येतो, मागे काही उरत नाही. पण शेवटी, जिथे धोंडा नाही, तिथे वाळू भरलेल्या पिशवीला दोर लावून तिच्या वजनावर उतरायची वेळ येणार होती, म्हणून क्रम त्यानं इथेच समजावला.

"जो सगळ्यात जड, तो पहिला. जो हलका, तो शेवटी."

"हा काय न्याय?" आत्या म्हणाली. "म्हातारीला पुढे ढकलायचं?"

"म्हातारी म्हणून नाही, आई. जड म्हणून. पहिला उतरतो तेव्हा वर दोघं पिशवी धरायला असतात. शेवटच्याला धरायला कुणी नसतं. त्याच्यासाठी फक्त वाळू. म्हणून शेवटचा हलका पाहिजे."

"म्हणजे केझिया."

"म्हणजे केझिया. खिशातल्या सुपारीएवढं वजन तिचं."

"आणि तिच्यानंतर पिशवी कोण सोडवणार?"

"तीच. खालून दुसरी दोरी ओढली की पिशवी उलटते, वाळू सांडते, रिकामी पिशवी खाली येते. खडकात खिळा नाही, मागे दोर नाही. उद्या कुणी आलं तर त्याला कळणारही नाही आपण येऊन गेलो."

हे वाक्य तो गिऱ्हाइकांना म्हणतो ते मला माहीत होतं. पण तो ते नुसतं म्हणत नाही. आमच्याकडचे घळीत जाणारे लोक या एका बाबतीत देवळात गेल्यासारखे वागतात. दुसऱ्याचा विसरलेला दोर दिसला तर स्वतःच्या पाठीवर घालून बाहेर आणतात.

तीन उतरणी झाल्या. एका डोहातून पोहत जावं लागलं. आत्या पाठीवर पडून, हात पोटावर बांधून, तरंगत गेली. वरचा दगड संथपणे तिच्यावरून सरकत होता. ती काही बोलली नाही, आणि थेनही नाही. सकाळची प्रार्थना तेवढा वेळ लागू पडली.

मग पाणी संपलं.

आधी ते पसरट झालं, मग वाळूत बोटाएवढ्या धारा उरल्या, मग ओली वाळू, मग कोरडी. पाण्याचा आवाज इतका वेळ कानांत होता की तो गेल्यावर दडे बसल्यासारखं झालं. आमच्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. वाळूवर पांढरा पापुद्रा होता, पावलाखाली कुरकुरणारा. घळ पुन्हा अरुंद झाली, इतकी की उजेड जवळजवळ नाहीसा झाला. आत्या माझ्या पुढे होती. तिनं एक हात सबंध वेळ भिंतीवर ठेवला होता, गाईच्या अंगावर ठेवतात तसा.

आणि एका वळणावर ती थांबली. "ऐक."

मी श्वास धरला. खालून, पुढून, अंधारातून. पाण्याचा आवाज होता, पण वरच्या ओढ्यासारखा खळखळता नव्हता. खूप माणसं एका खोलीत हलक्या आवाजात बोलत असावीत तसा.

"हेच," थेन म्हणाला. "शेवटची उतरण."

काठ गुळगुळीत होता. दोर घालायला धोंडा नाही, झाड नाही. पिशवी उघडून आम्ही तिघांनी ओंजळींनी वाळू भरली. थेननं ती काठाजवळच्या खळग्यात बसवली, वर बसून पाहिली, दोर लावला. आत्या पहिली. काठावरून मागे झुकताना तिनं आमच्याकडे पाहिलं. "धरलंय ना नीट?"

"आई, आम्ही दोघं आणि दीड मण वाळू. तरी बरोबरीच होतेय."

"खाली ये, मग सांगते."

ती दिसेनाशी झाली. दोर ताणलेला राहिला. मग खालून तिचा आवाज आला, पण तो शब्द नव्हता. "अगं" आणि "अहा" यांच्यामधलं काहीतरी होतं. थेन गेला. मग मी एकटी उरले. पिशवीवर हात ठेवून मी तिला सांगितलं की मी पन्नास किलो आहे, आणि काठावरून मागे झुकले.

दहा-एक फूट उतरल्यावर भिंत आत गेली आणि मी अधांतरी लटकले. दोरावर हळूहळू फिरत होते. म्हणून ते मला एकदम दिसलं नाही, थोडं थोडं दिसत गेलं. घळ इथे घंटेच्या पोटासारखी रुंद झाली होती. मधूनच कुठून तरी दुपारच्या उन्हाची एक तिरीप वरच्या भिंतीला लागली होती आणि तिच्या परतलेल्या उजेडात सगळी पोकळी मंद सोनेरी झाली होती. समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, भिंतीत एक कपार होती आणि कपार हिरवी होती. एवढ्या लाल तासांनंतर तो हिरवा रंग डोळ्यांना दुखला. हंसराजाची झुडपं, ओली, काळ्या देठांची, एकावर एक लोंबणारी. आणि त्यांच्या टोकांवरून पाणी गळत होतं. एक धार नाही, दोन नाहीत. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. कपारीच्या लांबीभर पाण्याचा पडदा होता, दोऱ्यांसारखा सुटा सुटा, आणि प्रत्येक दोरा वेगळ्या सुरात खाली पडत होता.

खाली गुडघाभर डोहात आत्या उभी होती, हेल्मेट काढून. देवळात काढतात तसं.

मी उतरले. पाणी इतकं थंड की सूटमध्ये शिरताच श्वास अडकला. दोर सोडवला, दुसरी दोरी ओढली. वर पिशवी उलटली आणि वाळू काठावरून सांडली. तिरिपीत एक क्षण लाल धुरासारखी लोंबली. मग पिशवी धपकन माझ्या पायाशी पडली. स्वच्छ काम. थेननं अंगठा वर केला.

मी बाटली पडद्याखाली धरली, भरली, मीटर बुडवलं.

सहाशे चाळीस.

"किती?" आत्यानं विचारलं. मी मीटरचा पडदा पुसून पुन्हा पाहिला, त्यावरून तिला कळलं. "सांग ना, पोरी."

"सहाशे चाळीस. मिसळलेलं आहे. तीन भागांतले जवळजवळ दोन भाग कालव्याचं."

"म्हणजे तीन ओळींतल्या दोन ओळी वाळणार."

"साधारण."

"कुठल्या दोन, ते तुझं यंत्र सांगत नसेल." तिनं पडद्याकडे पाहिलं. पाणी तिच्या हातावर पडत होतं, ती हात मागे घेत नव्हती. "असू दे. पाहायला तर मिळालं. सोमवारी नाही म्हणून कळवते." तिनं कमरेची पिशवी उघडली आणि आम्हा दोघांच्या हातांवर पीचच्या फोडी ठेवल्या, भरपूर, सोमवारनंतर त्यांची गरज नसल्यासारख्या. थेननं फोड हातातच धरून ठेवली. त्याला तोंडात काही न टाकता इतका वेळ उभा मी प्रथमच पाहत होते.

एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी पुन्हा बाटली भरली. सहाशे अकरा. पुन्हा. पाचशे ऐंशी.

तापमान तिन्ही वेळा बारा पूर्णांक चार. ते हलत नव्हतं. मीठ हलत होतं. जमिनीखालून येणारं पाणी दहा मिनिटांत असं बदलत नाही. बदलायचं असेल तर आत्ताच काहीतरी त्यात पडायला हवं.

मी वर पाहिलं. कपारीच्या काठावर, हंसराजाच्या पानांत, लाल वाळूचा ढीग बसला होता. पाणी त्या ढिगातून झिरपून आमच्यावर पडत होतं.

"थेन, वाळू आपण कुठून भरली?"

"वरून. तूच भरत होतीस की."

"ती कुरकुरीत होती. वर पांढरं होतं."

त्यानं माझ्या पायाशी पडलेल्या पिशवीकडे पाहिलं. आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं, पाणी आटलं की वाळूवर पांढरं बसतं ते काय असतं. मी रिकाम्या पिशवीची शिवण झटकून तळहातभर वाळू काढली, बाटलीत हलवली, मीटर बुडवलं. आकडा मीटरच्या बाहेर गेला.

"कालव्याचं पाणी तिथे बुडतं, आटतं," मी म्हटलं. "कितीतरी उन्हाळे. सगळा खार त्या वाळूवर. आणि आपण तो पिशवीत भरून आणला आणि इथे ओतला."

"मी ओतला नाही," थेन म्हणाला. "दोरी तू ओढलीस." मग तो एकदम डोहात बसला, गळ्यापर्यंत. "पंधरा वर्षं. पंधरा वर्षं लोकांना सांगतोय, मागे काही राहत नाही."

"पाहुणे म्हणून आलो," आत्या म्हणाली, "आणि यजमानाच्या हंड्यात मीठ टाकलं." तिचा आवाज वेगळा झाला होता. आणि तिचे ओठ निळे. "मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही. वाळू धुतली जाईपर्यंत थांबावं लागेल. तासभर तरी."

"थांबते."

"थांबायचं नाही," थेन उठला. "आई, तुझे दात वाजताहेत. ते वाजायचे थांबले की खरी भानगड. अजून बाहेर पडायचं आहे, सगळं पाण्यातून."

"मी नाही म्हणून कळवणार होते, थेन. आता मला माहीत नाही काय कळवायचं. माहीत नसताना मी इथून हलणार नाही." ती दगडाला पाठ लावून उभी राहिली. तिची मान इतकी ताठ होती की तिला हलवायला पूरच लागला असता.

मी कपारीकडे पाहिलं. ढीग काठावर होता. पाणी येत होतं त्याच्या मागून, आतून, जिथे भिंत आणि कपारीचा तळ मिळतो तिथून. "मला वाळूच्या मागे हात पोचवता आला तर थांबायला नको."

"दहा फूट आहे," थेननं अंदाज घेतला. "माझ्या खांद्यावर चढ."

त्यानं भिंतीशी पाय रोवले. मी त्याच्या मांडीवर, मग खांद्यावर. डोहाचा तळ वाळूचा. तो रुतायला लागला आणि आम्ही दोघं डुलायला लागलो.

"आई!"

आत्या त्याच्या मागे गेली, त्याची कंबर धरली आणि आपल्या सगळ्या देहानं त्याला भिंतीवर दाबलं. आम्ही हलायचे थांबलो.

"आता बोल वजनाबद्दल," ती म्हणाली.

"काही नाही बोलत. दाब."

माझं तोंड कपारीच्या काठाशी आलं. मी आधी वाळू काढली. ओंजळ ओंजळ करून, पानं न तोडता, काढलेली वाळू चढताना बरोबर घेतलेल्या आत्याच्या हेल्मेटमध्ये भरली. ढिगाच्या मागे एक बेडूक होता, नखाएवढा, दगडाच्याच रंगाचा. तो माझ्याकडे पाहून सरकला. मग मी कोपरांवर जोर देऊन आत डोकावले.

भिंतीच्या बुडाशी आडवी फट होती. वीतभर उंच, आणि लांबी माझ्या दिव्याचा उजेड जाईल तिथपर्यंत, दोन्ही बाजूंना. तिच्या तळाला राखेच्या रंगाची पातळ, पाणी न झिरपू देणारी शीर. आणि त्या शिरेवरून, फटीच्या सगळ्या रुंदीनं, पाणी येत होतं. आवाज न करता. काचेसारखं, इतकं सपाट की ते हलतंय हे बोट लावल्यावरच कळलं. खाली जो गलबला होता तो पडण्याचा होता. इथे येण्याचा आवाज नव्हता. आतून गार हवा माझ्या चेहऱ्यावर येत होती, कुणाचा तरी सावकाश श्वास यावा तशी. मी हात आत घातला. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. शेवट लागला नाही. वर दोनशे फूट वाळवंट होतं आणि त्याच्या आत, वाळूच्या कणाकणामधून, हे खाली येत होतं. ज्या हिमातून आणि ज्या पावसातून ते आलं असेल, ते कदाचित कुणा माणसानं पाहिलेही नसतील. ते कुणासाठी येत नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी सोडलं नव्हतं. ते फक्त येत होतं.

"केझिया!" खालून आत्या. "काय आहे तिथे?"

"थांब," मी म्हटलं.

"थांब काय? तो रुततोय!"

"मी ठीक आहे," थेन कण्हत म्हणाला. "फक्त खांदे गेलेत. ते दोनच होते."

मी बाटली फटीत, ढिगाच्या खूप मागे, हात पोचेल तितकी आत नेली आणि भरली. आधी तीनदा विसळली, तिथल्याच पाण्यानं. मग भरली. बोटं बधिर झाली होती, मीटरचं बटण दुसऱ्या हातानं दाबावं लागलं.

"आकडा?"

"हलतोय अजून."

"देवा," आत्या म्हणाली. ती कुणाशी बोलत होती ते मी वळून पाहिलं नाही.

पडद्यावर आकडे फिरले, मंदावले, आणि थांबले. मी ती बाटली ओतली, दुसरी भरली, पुन्हा मोजलं. तिसरी भरली.

एकशे अडुसष्ट. एकशे अडुसष्ट. एकशे सदुसष्ट. तिन्ही दोनशेच्या आत, खडकातलं पाणी.